मशीन कंचं घ्यायचं

मशीन घ्यायचं म्हनलं की लोक आदी इचारत्यात, कशापायी? आन् खरं सांगितलं की हसत्यात.

खरं आसं हाय, मी उभी हयात ट्रॅक्टरवर काढली. वरकुट्याचं निम्मं रान माझ्या नांगराखालनं गेलंय. पलटी नांगर लावला की खालची माती वर येती, आन् मातीसंगं काय बी येतं. बैलाची घुंगरं, भोकाचा पैसा, कुलपाची किल्ली, एकदा तर आख्खा अडकित्ता. मी मालकाला दावायचो. मालक म्हनायचा, "ऱ्हाऊ द्या तात्या तुमालाच, आमाला काय करायचंय?" मंग मी घरी आनायचो, चिचंनं घासून लख करायचो आन् बिस्किटाच्या डब्यात टाकायचो. आता ट्रॅक्टर आमचा पोरगा युवराज चालवतो. माझा गुडघा क्लच दाबू दीना. पर मातीतनं काय तरी वर आल्यालं बगायची सवय, ती काय गुडघ्याबरुबर जाती व्हय?

मंग एक दिस मोबाईलवर बगितलं. एक गोरा म्हातारा, माझ्याच वयाचा. कानाला हेडफोन, हातात काठी, काठीच्या बुडाला ताटलीवानी चकती. चकती जमिनीवरनं फिरवतोय, वाजलं की उकरतोय. बटन घावलं तरी पोरावानी हसतोय. मी म्हनलं, ह्ये आपलं काम. नांगर नगं, डिझेल नगं, गुडघा नगं.

पयल्यांदा बारामतीला गेलो. एका दुकानात इचारलं, मेटल डिटेक्टर हाय का. त्या पोरानं एक दांडकं काढलं. मोठ्या लग्नात, सभंला दारावर माणसं तपासत्यात, तसलं. काचंच्या काउंटरवर नाणं ठिवलं, वर दांडकं धरलं, पीं वाजलं.

"मातीतलं दावतं का?" मी म्हनलं.

"काका, तुमाला कशात बगायचंय?"

"रानात."

त्यानं माझ्याकडं खालनं वर बगितलं. "रानात काय पुरलंय?"

तितनं उठलो ते सरळ बुद्धघोष साहेबांकडं. साहेब पाटबंधाऱ्यातनं रिटायर झाल्यात, बारामतीतच असत्यात, पर रान हाय लोणी भापकरला. त्यांचं रान मी किती वर्सं नांगरलंय त्याला हिशेब न्हाय. त्यांच्यापाशी असलं मशीन हाय ह्ये मला ठावं हुतं. साहेबांनी च्या पाजला आन् म्हनले, "दत्तोबा, दुकानात बघून घेऊ नका. दुकानात फरशी असते, माती नसते. आपली माती काळ्या दगडाची झालेली, तिच्यातच लोखंड आहे. स्वस्तातलं मशीन आपल्या रानात नेलं की ते मातीलाच वाजत बसतं. मातीला गप्प करता येईल असं मशीन घ्यायचं. आणि जुन्या देवळाजवळ, गढीजवळ फिरवायचं नाही, ते बेकायदा आहे. जुनं नाणं सापडलं तर तलाठ्याला सांगायचं."

"व्हय साहेब," मी म्हनलं. घरी आलो तर आमच्या सूनबाईनं, रेश्मानं, मोबाईलवरनं एक मागवून बी टाकलं हुतं. सासऱ्याचा हट्ट पुरवायचा म्हनून. पोरीच्या मनातलं चांगलंच हुतं, तिला काय बोलायचं?

डबा आला. पिवळं धमक मशीन. आंगनातल्या फरशीवर पळीवर धरलं, वाजलं. घंगाळावर धरलं, वाजलं. रेश्मा टाळ्या पिटाय लागली. म्या म्हनलं, साहेबांचं काय तरीच. चांगलं तर वाजतंय.

आमची मंडळी, प्रयागबाई, दारात हुबी राहून बगत हुती. ती आदल्या दिशीच बचत गटाच्या मीटिंगीतनं तापून आलती. तितं बायका तिला म्हनल्या हुत्या, "काय वं प्रयागबाई, गुप्तधन काढताय म्हनं? भगत कुठला आनलाय?" आन् सगळ्या फिदीफिदी हसल्या.

"आवं," ती मला म्हनली, "त्या डब्यावर काय लिवलंय?"

"गोल्ड लिवलंय, आत्या," रेश्मा म्हनली. "सोनं बी दावतंय."

"दावतंय का? मंग दावू द्या."

घरात गेली आन् पुतळ्यांची माळ घिऊन आली. ती माळ तिच्या आईची. आई गेल्यावर तिघी बहिनींनी वाटून घेतली, तवा तिसरा वाटा हिला आला. सनासुदीला घालती, मंग परत चिंधीत. त्या माळंतली एक पुतळी तिनं सुईनं उसवली.

"ही मी कांद्याच्या रानात पुरनार. कुठं, ते तुमाला सांगनार न्हाय. तुमच्या मशीननं काढली, तर मशीन घरात ऱ्हाईल, आन् मीटिंगीत मी सवता सांगीन माझा नवरा काय करतो ते. न्हाय निघाली तर मशीन माघारी."

"आगं, सोनं हाय ते. वाटी पूर, पळी पूर."

"का? भरवसा न्हाय?"

रेश्मा म्हनली, "आत्या, नका हो, आजीची आठवन हाय ती."

"म्हनून तर पुरती. दुसरं काय पुरलं तर ह्यो मानूस दोन मिनिटांत कटाळून च्या प्यायला यील."

कांदा काढून ते रान मोकळंच पडलं हुतं. दुसऱ्या दिशी दुपारनं युवराज तितं आडसाली उसाच्या सऱ्या पाडनार हुता. सरीचं औजार एकदा फिरलं की माती कुठली कुठं जाती. तवा जे काय करायचं ते दुपारच्या आत.

दिस मावळायच्या टायमाला पुतळी चिंधीत बांधून ती एकलीच रानात जाऊन आली. हात धुताना मी बगितलं तर बोटं तांबडी. नुकताच बेंदूर झाल्याला. बैलाची शिंगं रंगवायचं हुरमुंज, तेलात कालवल्यालं, वाटीत उरलं हुतं. मला वाटलं गाईच्या शिंगाला लावलं आसंल.

सकाळी न्ह्यारी करून रानात गेलो. ती बांधावर बसली, मांडीवर खुरपं. मी मशीन चालू करून मातीवर धरलं. पीं. पाऊल उचललं. पीं. मागं धरलं, म्होरं धरलं. पीं, पीं, पीं. मशीन काय गप बसंना. आंगनात कसं शानं हुतं, हितं येड लागल्यावानी वराडाय लागलं.

"लई सोनं हाय जनू आपल्या रानात," बांधावरनं आवाज आला.

मी बटन फिरवून आवाज कमी केला, तर पार मुकं झालं. चपलंचा खिळा बी दावंना. परत वाढवला, परत बोंब. मंग जितं जास्त बोंबलंल तितं उकरायचं ठरवलं. एक खिळा निघाला. बैलाच्या पायाची पत्री निघाली, मंग आनखी एक. कारखान्याला ऊस नेनारी बैलं किती वर्सं ह्या रानातनं गेली, त्यांच्या पत्र्या सगळ्या हितंच गळाल्यात. बाकी जितं जितं उकरलं तितं नुसता मुरूम.

ऊन वर आलं. माझा घाम निघाला. ती उठून आली आन् तिचा आवाज आता वाईच मऊ झाला हुता. "बास झालं. हारलासा न्हवं? चला, मी काढून देती. म्या खून ठिवलीया. तांबडा दगड हाय, त्याच्या बुडाशीच पुरलीया."

"तरीच बोटं तांबडी."

"व्हय. हुरमुंज लावलं दगडाला. म्हंजी लांबनं दिसंल."

दिसंल कसला! ती रानाच्या मदी गेली, थांबली, चौबाजूला बगितलं. परत बांधाकडं आली, परत मदी गेली. दगड कुठं हाय? मग एकदम बोट केलं, "त्यो काय!" रानाच्या कोपऱ्यात लिंबाचं झाड हाय, त्याच्या बुडाशी तांबडा दगड. आमी दोघं तितं गेलो. दगड धुतल्याला, त्याला हळदकुंकू, वर कन्हेरीची फुलं आन् म्होरं विझल्याली उदबत्ती.

"म्या तर रानात मदी ठिवला हुता," ती म्हनली. "का हितं ठिवला? अंधारत आलतं..."

आन् तिचा चेहरा आसा उतरला. एवढ्या वर्सांत मी तिला कवा गडबडल्यालं बगितलं न्हवतं. लगेच खाली बसली आन् दगडाच्या बुडाशी खुरप्यानं उकराय लागली. भराभरा. मी मशीन धरलं, ते आपलं पीं पीं. माती चाळली, बोटांनी चुरली. काय न्हाय.

तेवढ्यात मागनं आराडली कोन तरी. शेजारच्या रानातली म्हातारी, कुशाबाई. हातात पानावर दहीभात.

"आगं ए, आगं ए! देवाला उकरताय व्हय गं प्रयागा?"

"कसला देव, मावशी?"

"कसला म्हंजी? तांबडा न्हाय का दिसत? म्हसोबा हाय! सकाळी रानात चालली हुती, तर हा वाटंत पडला हुता. कुनाच्या तरी पायाखाली आला आसता. म्या उचलला, पान्यानं धुतला, सावली बगून बसवला. निवद आनलाय बग."

प्रयागबाईनं कपाळावर हात मारला. "मावशी, त्यो दगड म्या रंगवला हुता गं! बेंदराच्या हुरमुंजानं!"

"तू? आन् कशापायी?"

मंग हिनं सगळं सांगितलं. पुतळी, आईची माळ, मशीन, सगळं. म्हातारीनं शांतपनी ऐकून घेतलं आन् निवद दगडाम्होरं ठिवला. "आता रंगवलास तर रंगवलास. पर बसलाय त्यो आता. उठवायचा न्हाय."

"नगं उठवू. पर उचलला कुठनं, ते सांग."

"वाटंतनं."

"मावशी, रानात वाट कुठाय?"

"मी जाती ती वाट. बांधावर गाजरगवत लई झालंय, म्हनून मी आडवी जाती रानातनं." आन् म्हातारीनं हात आसा केला, ह्या टोकापास्नं त्या टोकापातूर. निम्मं रान झालं ते. "मदीच कुठं तरी. नीट उजाडलं बी न्हवतं. देव हाय म्हनून उचलला, जागा कोन बगतंय?"

म्या म्हनलं, "युवराजला सांगू, सऱ्या उद्या पाड म्हनून."

"उद्यानं काय हुतंय?" ती म्हनली. "तुमचं मशीन उद्या शानं हुनार हाय का?" तिनं डोळं पुसलं न्हायती, पर नाक वढलं. "आईनं ती माळ मजुरीच्या पैशानं येक येक पुतळी करून वाढवली हुती. तिघींना सारखी यावी म्हनून शेवटच्या पुतळ्या मोजून मोजून घेतल्या. आन् मी ती ह्या मातीत घातली, मीटिंगीतल्या बायकांचं तोंड बंद करायला."

तिनंच माझ्या खिशातनं फोन काढला आन् बुद्धघोष साहेबांना लावला. "भाऊ, प्रयागबाई बोलती, वरकुट्यानं. तुमचं मशीन घिऊन येतासा का? ह्यांचं नुसतं बोंबलतंय. माजी पुतळी गेलीया."

साहेब गाडी काढून आलं. त्यांचं मशीन काय भारी दिसत न्हवतं, काळं, जुनं, दांड्याला चिकटपट्टी गुंडाळल्याली. उतरल्या उतरल्या म्हातारीचा म्हसोबा बगितला, हिचं बोलनं ऐकलं आन् हसलं न्हायत. तेवढ्यासाठी मी त्या मानसाला मानतो.

"आधी ह्याला आपल्या मातीची ओळख करून द्यायची," साहेब म्हनले. एक बटन दाबून धरलं आन् चकती मातीवर वरखाली, वरखाली केली. हापसा मारल्यावानी. मशीन पयल्यांदा किंचाळलं, मग बारीक झालं, मग गप. साहेबांनी चकती मातीवर फिरवली. गप. चार हात म्होरं नेली. गप.

सकाळपास्नं पयल्यांदा आमचं रान गप बसलं हुतं. मला तितंच कळलं मशीन कंचं घ्यायचं ते. पर घ्यायचं का न्हाय, ती गोष्ट येगळी हुती.

"आता हा आकडा बघा," साहेब म्हनले. "लोखंडाला हा खाली राहतो, ते सोडून द्यायचं. तांब्याला, चांदीला वर जातो. पण छोटं सोनं मधेच कुठंतरी दाखवतं. आणि अडचण अशी, की गोळ्यांचं पाकीट आणि औषधाच्या बाटलीचं पत्र्याचं सील, तेही तिथंच दाखवतं."

"मंग सील वाजलं का पुतळी, कसं वळखायचं?"

"नाही ओळखता येत. उकरायचं."

झालं! कांद्याला औषिध किती फवारलं, कापसाला किती फवारलं. बाटली फोडायची, तोंडाचं सील दातानं टरकावून तितंच टाकायचं. दर पिकाला. आमच्या रानात जेवढं सील हाय तेवढं दुकानात नसंल.

मी कुशाबाईच्या वाटंनं फिरवाय लागलो. वाजलं. उकरलं, सील. वाजलं, सील. वाजलं, गोळ्यांचं पाकीट. वाजलं, सील. ती माझ्या मागनं खुरपं घिऊन, घमेलं घिऊन. जे निघंल ते घमेल्यात. म्हातारी लिंबाखाली बसून देवाच्या वाटचा दहीभात आमाला वाढू का इचारत हुती.

दुपार कलाय लागली. माझा गुडघा ठनकाय लागला. परत एकदा वाजलं. मी आकडा बगितला, त्योच सीलाचा. पाय म्होरं टाकला.

"थांबा. उकरायचंय."

"सील हाय गं त्ये. आकडा त्योच हाय."

"तुमचा आकडा ठिवा तुमच्यापाशी. माजी पुतळी हाय."

उकरलं. सीलच हुतं. मी तिच्याकडं बगितलं, तिनं माझ्याकडं बगितलं न्हाय. सील घमेल्यात टाकलं आन् म्हनली, "द्या हिकडं. तुमी उगीच घाई करताय. आन् वर धरताय, मातीला लागंना झालंय."

"तुला जमनार न्हाय ते."

"सायेब, मला जमंल का?"

"जमेल की ताई," साहेब म्हनले, आन् दांडा तिच्या हाताच्या मापाला आखूड करून दिला.

मी जाऊन साहेबांच्या गाडीपाशी बसलो, तंबाकू मळली. ती निगाली. पदर खवल्याला, एका हातात मशीन, दुसऱ्यात खुरपं. चकती मातीला लागंल न लागंल अशी, हळू. वाजलं की बसायची, उकरायची, उठायची. आकडा बगतच न्हवती. म्हातारीनं सांगितल्याली वाट संपली तरी थांबली न्हाय, वाटंच्या बाजूला सरकली. "कुशाबाई सरळ चालती कुठं?" आसं सवताशीच म्हनत हुती.

"मी सरळच चालती!" म्हातारी लिंबाखालनं वराडली.

बांधाच्या बाजूनं ट्रॅक्टरचा आवाज आला. युवराज. मागं सरीचं औजार. मी उठून हात केला, थांब म्हनून. त्यानं बांधावर ट्रॅक्टर हुबा केला, इंजन तसंच चालू. "काय चाललंय? आयच्या हातात काय हाय ते?"

मी सांगायच्या आदीच ती खाली बसली. ह्या बारीला लई येळ बसली. खुरपं बाजूला ठिवलं आन् बोटांनी माती वढाय लागली. मंग तिचा हात थांबला. चिंधीचं टोक वर आलं हुतं. तिनं ती गाठ सोडली न्हाय. नुसती दाबून बगितली, आत कडक लागतंय का. तशीच बसून ऱ्हायली, मान खाली घालून. आमी कोन जवळ गेलो न्हाय. युवराजनं इंजन बंद केलं.

थोड्या टायमानं उठली. चिंधी पदराच्या टोकाला बांधली, दोन गाठी मारल्या आन् आमच्याकडं आली.

म्या घाबरत घाबरतच इचारलं, "मंग? ऱ्हायलं का मशीन?"

"तुमचं कसलं ऱ्हातंय? तुमच्या मशीननं काढली का? ते पिवळं उद्या माघारी. आसं ठरलं हुतं."

"व्हय. ठरलं हुतं." शब्दावरनं मागं सरायचं तर त्यात काय आर्थ ऱ्हातो?

ती साहेबांकडं वळली. "भाऊ, ह्ये तुमचं कंचं हाय ते रेश्माला फोनवर सांगून ठिवा. मातीला गप करनारंच पायजे, दुसरं नगं. आन् ह्याच्याहून हलकं येतं का बगा. माजा दंड भरून आलाय."

"येतं की," साहेब म्हनले.

"तुजा दंड?" मी म्हनलं. "तू कशाला फिरवनार हायस?"

बांधावरनं युवराज आराडला, "आये, सरी पाडू का आता? अंधार हुईल."

तवर ती मशीन उचलून परत रानात गेली हुती, आमच्याकडं पाठ करून, लिंबाच्या पल्याडच्या कोपऱ्यात. ती बाजू आमी सकाळपास्नं बगितलीच न्हवती.

"वाईच दम धर," ती म्हनली. "हितं काय तरी वाजतंय."